म्हशीच्या मानेवरचा पाय

"भ्या म्हंजे काय आसतंय ते मला दावा तरी कुणीतरी," असं हौसाक्का येताजाता म्हणायची आणि ऐकणाऱ्याला ते पटायचं. मला तर पटायचंच, कारण मी मुळातली भित्री. लांबच्या मलकापूरहून कोल्हापुरात मुलींच्या शाळेवर आलेली नवी मास्तरीण, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी. आणि खोली मिळाली ती नेमकी हौसाक्काच्या गोठ्याला लागून. भिंत एकच. इकडे मी मराठीचे पेपर तपासायची, तिकडे म्हशी रवंथ करायच्या. शेणाच्या वासानं माझं डोकं उठायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, वास म्हशीचा न्हाय, तुमच्या नाकाचा हाय. जाईल हळूहळू." आणि खरंच गेला की!

उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर गोंदण, लुगड्याचा कासोटा असा आवळलेला की बघणाऱ्यालाच धाप लागावी. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःला "मी आलो, मी गेलतो" असं पुरुषासारखं म्हणायची. सुरुवातीला मी मनातल्या मनात तिचं व्याकरण दुरुस्त करायची. मग सोडून दिलं. पुढं पुढं तर सुट्टीत घरी गेले की माझ्याच तोंडून "मी जेवलो" निघायचं आणि आई कपाळाला हात लावायची.

संध्याकाळी ती म्हशी घेऊन तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, जायची. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं, म्हैस समोर, धार थेट पेल्यात. वर बोटभर फेस. तालमीतले पैलवान ते दूध उभ्याउभ्या पिऊन मिशा पुसायचे. एकदा असाच एक पैलवान नवी फटफटी घेऊन आला आणि ती बरोबर म्हशींच्या वाटेत आडवी लावून बसला.

"पावणं, गाडी हलवा," अक्का म्हणाली.

"म्हशी वळवा की तुमच्या."

थोरल्या म्हशीचं दावं अक्कानं फटफटीच्या हँडलला गाठ मारून बांधलं आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायला जाऊन बसली. म्हशीची घरी जायची वेळ झालेली. म्हैस निघाली. पुढं म्हैस, तिच्यामागं आडवी पडून खरडत जाणारी फटफटी, तिच्यामागं पैलवान, आणि त्याच्यामागं सगळी पेठ! दुसऱ्या दिवशी तोच पैलवान पेला घेऊन हजर. अक्कानं त्याला दूध घातलं, वर जरा जास्तच घातलं.

पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं त्या वर्षी आम्ही सगळे शाळेत जाऊन बसलो. नाव घेऊन पोरं अक्काला न्यायला आली, तर ही म्हणते, "म्हशी नावंत बसत्यात व्हय?" शेवटी म्हशी पाण्यात घातल्या आणि स्वतः एकीचं शेपूट धरून आली. गळ्यापर्यंत पाणी, डोक्यावर रेडकू. मी विचारलं, "अक्का, भीती नाही वाटली?" तर म्हणाली, "म्हस पवतीया न्हवं? मी निस्ता मागं हाय."

असल्या या बाईचं एकच हळवं काम होतं. म्हशीला चुकून पाय लागला, नुसतं शेपटीला घासला, तरी ती हातातलं काम टाकून वाकायची, त्या जागी हात लावून कपाळाला लावायची. गोठ्यात शिरताना वहाणा बाहेर. लहान पोरांनी म्हशीवर पाय टाकून चढायचं नाही. "लक्ष्मी हाय ती. लक्ष्मीला पाय लावून कुणाचं बरं झालंया?" हे ती असं म्हणायची की पोरंही गप्प व्हायची.

घरात ती आणि तिची नात सुमी. सुमीची आई लवकर गेली, बाप, म्हणजे अक्काचा मुलगा, ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा उगवणार. सुमीला वाढवली ती अक्कानंच, दुधावर आणि शिव्यांवर. पोरगी अशी हसरी की विचारू नका. पेठ वडगावला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली आणि बसून बसून कंटाळली. तेव्हा आमची शाळेची सहल म्युझियम बघायला निघाली होती. सुमी म्हणाली, "बाई, मी पण येतो." म्हटलं, चल.

जुन्या तलवारी, नाणी, पितळेच्या मूर्ती बघत आम्ही चित्रांच्या दालनात आलो आणि पोरींनी एकच गिल्ला केला. "बाई, सुमीताई! बघा, सुमीताई!"

पुरुषभर उंचीचं तैलचित्र. महिषासुरमर्दिनी. हातात त्रिशूळ, मागं काळंभोर आभाळ, पायाखाली रेड्याच्या रूपातला महिषासुर. आणि देवीचा चेहरा म्हणजे हुबेहूब सुमी. तीच जिवणी, तीच हनुवटी, नाकाचा शेंडा तसाच जरा वर उचललेला. सुमी पदर तोंडाला लावून हसत सुटली. पोरी तिच्या पाया पडायला लागल्या. मी सुद्धा हसले.

घरी आल्या आल्या सुमीनं गोठ्याच्या दारातूनच सांगितलं, "आज्जी, म्युझियमात माझ्यासारखी देवी हाय! म्हशीवर पाय दिऊन हुबी ऱ्हायलीया!"

अक्काच्या हातून दुधानं भरलेली चरवी पडली. दूध सगळ्या गोठ्यात पसरलं. एरवी थेंब सांडला तर घर डोक्यावर घेणारी ही बाई खाली बघेना सुद्धा. सुमीकडं बघत राहिली, आणि मग एकदम तिच्याकडं पाठ केली.

रविवारी सकाळी ती माझ्या दारात उभी. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. "बाई, मला तिथं न्या." पिशवीत नारळ, हिरवा खण, तांदूळ. ओटीचं सामान होतं.

म्युझियमच्या दारात शिपायानं अडवलं. "आज्जी, हितं नारळबिरळ चालत न्हाय. देऊळ न्हवं हे." मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही शिपायाचं. तर अक्कानं मुकाट्यानं पिशवी त्याच्या हातात दिली. मी तिचा दंड धरून तिला आत नेलं.

चित्रापुढं ती किती वेळ उभी होती कोण जाणे. हात जोडले नाहीत. नुसतं म्हणाली, "तारे." मग चित्रातल्या जनावराकडं बोट दाखवून म्हणाली, "आणि ही आमची चंद्री. शिंग बघा, डावं जरा आत वळल्यालं. आमच्या गोठ्यातली."

मी म्हटलं, "अक्का, चला, बाहेर बसू."

"थांबा. पाय बघा तिचा." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "अंगठा वर घेतलाया. टेकवला न्हाय पोरीनं. टेकवायचा नव्हता तिला."

मी बघितलं. खरंच होतं. सगळ्या चित्रात त्वेष भरलेला, आभाळ फाटलेलं, आणि देवीचा तो पाय मात्र भीत भीत ठेवलेला. मग मी चेहरा नीट पाहिला. सहलीच्या गडबडीत पाहिला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले. डोळे राक्षसावर नव्हतेच, कुठंतरी बाजूला, जणू कुणी हाक मारील म्हणून वाट बघणारे. चित्रकारानं काढली होती देवी, पण समोर उभी होती ती एक घाबरलेली पोर, आणि त्यानं इमानदारीनं तीच काढली होती.

बाहेर पायऱ्यांवर बसून तिनं सांगितलं. तारा तिची धाकटी बहीण. त्यांच्या लहानपणी एक चित्रकार रोज सकाळी दूध प्यायला यायचा. त्याला देवी काढायची होती. हौसाकडं बघून तो वडिलांना म्हणाला, थोरलीचं तोंड देवीचं आहे, ती द्या, आणि एक गरीब म्हैसही द्या. वडील हरखले. आपली पोरगी देवी होणार!

"मी भ्यालो बाई," अक्का म्हणाली. "लोक म्हणायचे, चित्र काढलं की माणसाचं आयुष्य कागदावर उतरतंया. आणि त्यात म्हशीच्या मानंवर पाय द्यायचा. सकाळी मला हाका मारल्या, तर मी कडब्याच्या गंजीत जाऊन लपलो. आई हाका मारतीया, बा हाका मारतोय, मी गप. मग तारी म्हणाली, मी जातो. हसत गेली. मी गंजीतनं बघत हुतो."

कित्येक सकाळी तारा तशी उभी राहिली. चंद्रीला पेंड घालून बसवायचे आणि हिनं मानेवर पाय ठेवायचा. चित्र झालं, चित्रकार घेऊन गेला. चंद्री त्याच दिवाळीआधी पोट फुगून मेली. ताराचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणात तारा गेली. मूलही गेलं.

"देवीनं तोंड मागितलं हुतं माझं," अक्का म्हणाली. "मिळालं तारीचं. आणि पाय अजून तिथंच हाय बाई. कुणी खाली घेतलाच न्हाय. एवढी वर्सं झाली, पोरगी तशीच हुबी हाय म्हशीच्या मानंवर पाय दिऊन. आणि आता तेच तोंड सुमीला आलंया. आणि तिचं पण पयलंच."

मी शिकलेली बाई. मी समजावलं. म्हटलं, अक्का, ताराबाई सुमीच्या आजीची सख्खी बहीण, रक्त एक, मग चेहरा सारखा असणारच.

"तेच म्हणतोय की मी," ती म्हणाली. "रगत एकच हाय. म्हणूनच तर भ्या वाटतंया."

मी शिपायाकडून पिशवी परत घेतली आणि तिला घरी आणलं.

त्या दिवसापासून घरातलं वारंच फिरलं. सुमीला गोठ्यात पाय टाकायची बंदी. चित्रात नथ होती म्हणून सुमीची नथ काढून ठेवली. चित्रात मधोमध भांग होता म्हणून रोज तिचा भांग कडेला पाडायची. तिच्याशी बोलताना तोंडाकडं बघायची नाही, खांद्याकडं बघून बोलायची. सुमी मला विचारायची, "बाई, आज्जीला काय झालंया? मी काय केलो?" मी काय सांगणार? अक्कानं मला म्हशीच्या अंगावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, पोरीच्या कानावर यातलं काही जाता कामा नये.

एकदा म्हणाली, "तिथल्या सायबाला विचारा, दुसरा पेंटर बोलावून पाय खाली घेता येतोय का." मी वेड्यासारखी गेले सुद्धा. साहेब भला माणूस. हसला, पण कुचेष्टेनं नाही. म्हणाला, "बाई, पाय खाली घेतला तर देवी असुराला मारणार कशी?" मी अक्काला तसंच सांगितलं.

"मारू दे की तिला तिच्या राक्षसाला," अक्का चिडून म्हणाली, "त्याला माझ्याच पोरींचे पाय कशाला पायजेत?"

आणि खरं सांगते, भीती ही खरजेसारखी असते. शेजाऱ्याची आपल्याला लागते. सुमी दारात उभी राहून केस विंचरायला लागली की मी नजर फिरवायची. ती जिन्याच्या पायरीवर एक पाय टाकून उभी राहिली की "सुमे, नीट उभी राहा," म्हणून मी ओरडायची, आणि मग माझाच मला राग यायचा.

सुमीला कळा सुरू झाल्या त्या सकाळी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दुपार झाली तरी सुटका होईना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या मूल आडवं आहे, रक्त फार जातंय, ऑपरेशन करावं लागेल. सुमीच्या नवऱ्याला वडगावला निरोप गेला होता, बाप ट्रकवर. बाकावर मी आणि अक्का. सही मी केली. मागं वळून बघते तर अक्का नाही.

नर्सनं चादरी आणि लुगडी आणायला सांगितलं म्हणून मी धावत घरी आले. गोठ्याचं दार अर्धवट उघडं. आतून आवाज येत होता.

हरणी म्हणून तिची लाडकी म्हैस, ती खाली बसून रवंथ करत होती. आणि अक्का तिच्या मानेवर पाय देऊन उभी होती. वहाणेसकट. एका हातात वैरण ओढायची काठी, त्रिशूळासारखी वर धरलेली. अंग असं थरथरत होतं की काठी छपराच्या वाशाला लागून खडखड वाजत होती. ओठ घट्ट मिटलेले, मग उघडले.

"बघ," ती वर बघून म्हणाली. "बघ की! दिसतोय का पाय? टेकवलाय मी. पुरा टेकवलाय. ही मी हौसा, थोरली. तुला मी पायजे हुतो. त्या टायमाला गंजीत हुतो, आता हितं हाय. पाप माझं हाय. त्या पोरीला सोड."

हरणीनं कान हलवला आणि रवंथ चालू ठेवलं. आत जाऊन तिला धरावं, म्हणावं अक्का, काय हे, असं वाटलं, पण मी उंबरठा ओलांडला नाही. ज्या बाईचा पाय शेपटीला घासला तरी जीव खाली-वर व्हायचा, ती वहाणेसकट मानेवर उभी होती. तिनं देवीला देण्यासारखं जे सगळ्यात मोठं होतं ते देऊन टाकलं होतं. मी चादरी घेतल्या आणि पळाले.

सुमी वाचली. मुलगी झाली. हे कुणामुळं, असं मला विचारू नका. डॉक्टरीणबाईंच्या हातामुळं, असंच मी म्हणेन, आणि म्हणताना माझा आवाज जरा खाली येईल, एवढंच.

अक्काला बातमी सांगायला गेले तर ती गोठ्याबाहेर उकिडवी बसली होती. "दोघी?" म्हणाली. मी म्हटलं, "दोघी." तिनं डोळे मिटले. त्यानंतर ती गोठ्यात गेली नाही. धार काढायला सुमीच्या बापाला ट्रक सोडून घरी यावं लागलं. "माझा हात आता चालत न्हाय म्हशीला," एवढंच ती म्हणायची. तिकटीवर पैलवान विचारायचे, अक्का कुठाय? दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या म्हशी गल्लीतून वाजतगाजत निघाल्या, तेव्हा दरवर्षी सगळ्यांच्या पुढं चालणारी ही बाई दार लावून आत बसली. हरणी तिच्या दारापुढं थांबून हंबरली. दार उघडलं नाही.

पणतीला तिनं मांडीवर घेतलं नाही. बारशालाही नाही. सुमीनं पुढं केली की मागं सरायची. "नको, नको. माझ्याजवळ नको आणू. माझं बोलावणं यायचं हाय अजून." सुमी माझ्याकडं येऊन रडायची, "आज्जी मला विटली." दारावर कुणी टकटक केलं तरी अक्का दचकायची. भांडं पडलं तरी दचकायची. बोलावणं यायचं म्हणून ती वाट बघत होती, आणि देवी काही घाई करत नव्हती. वर्षं गेली. माहेरपणाला येणारी ती पोर गल्लीत धावायला लागली तरी अक्का तिला लांबूनच बघायची.

मग ती अंथरुणाला खिळली. एक दिवस तिनं मला बोलावलं. हाताची पकड गेली होती, बोटं नुसती माझ्या मनगटावर होती.

"बाई, एक काम करा. म्युझियमात जाऊन या. ती कुणासारखी दिसतीया, बघून या. सुमीसारखी, का माझ्यासारखी. खोटं बोलू नका."

मी गेले. दालनात कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्या चित्रापुढं पुन्हा उभी राहिले नव्हते. पाय तिथंच होता, अंगठा वर घेतलेला. हनुवटी सुमीची, जिवणी सुमीची, त्यात काही बदल नव्हता. पण मी चेहऱ्याकडं बघत राहिले, ते मिटलेले ओठ, ते डोळे, आणि मला कळलं की सुमीच्या तोंडावर असलं भ्या मी जन्मात कधी पाहिलेलं नाही. ऑपरेशनला नेतानाही ती पोर मला बघून हसली होती. हा चेहरा मी एकाच जिवंत माणसाचा पाहिला होता. दुपारच्या उजेडात, गोठ्यात.

परत आले. अक्का दाराकडंच बघत होती.

"तुमच्यासारखी," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं. सुमीसारखी नाहीच. तुमच्यासारखी."

मग म्हणाली, "पोरीला आणा." सुमीनं लेकीला तिच्या कुशीत बसवलं. अक्कानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अगदी जवळून बघितलं, आणि मग सुमीचंही तसंच बघितलं. माझा हात चाचपत तिनं मला खाली ओढलं.

"लई भ्या वाटतंया, बाई," ती माझ्या कानात म्हणाली. "पण आता माझं मला वाटतंया. पोरींचं न्हाय."